सारंगाच्या कानाशी

सफुराने नवऱ्याला परसात धाडलं होतं ते चार हिरव्या मिरच्या आणायला. महिन्याभरापूर्वी आलेल्या सुनेने नवऱ्याला काम सांगावं, असं ते घर नव्हतं. पण सासूबाई नमाजाला बसल्या होत्या आणि चुलीवरची सुकी मासळी करपायला आली होती. बदिउल गेला आणि ओंजळभर लालभडक मिरच्या घेऊन आला.

"घे. कोवळ्या कोवळ्या बघून आणल्यात."

सफुराला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली. तो मात्र हसला नाही, कौतुकाची वाट बघत तसाच उभा राहिला. तिने मुकाट्याने मिरच्या घेतल्या.

मग ती पाहत राहिली. ती मुळात कमी बोलायची, आणि गप्प माणसासमोर लोक आपल्या चुका लपवायचे विसरतात. बदिउलने तिच्या लग्नाच्या लाल साडीला नारळाच्या झावळीची उपमा दिली. पिकलेलं डाळिंब झाडावर ठेवून कच्चं तोडून आणलं. लाल आणि हिरवं या दोन गोष्टी त्याच्या लेखी एकच होत्या.

दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण बदिउल चट्टग्रामच्या आगबोटीवर सुकाणूचं चक्र धरायचा. कर्णफुली नदीतून बाहेर पडून बोट खाडीत शिरली आणि उजेड मावळला, की पाण्यावर माणूस चालतो तो समोरच्या बोटीच्या दिव्यावर. लाल दिसला की उजवीकडे सरकायचं, हिरवा दिसला की डावीकडे. चुकलं, तर एक बोट दुसरीच्या पोटात. हे सफुराला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती संद्वीप बेटावरची. तिकडची लहान मुलंसुद्धा हाच खेळ खेळतात.

एका संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता तिने हळूच विचारलं, "अहो, मग इतकी वर्षं बोट चालवली कशी?"

बदिउलने आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुला कळलं होय?"

"मिरच्यांनी सांगितलं."

तो ओशाळून हसला. "वजिउल्ला चाचा होते ना. आमचे सारंग, बोटीचे मुख्य. माझ्या डाव्या खांद्याशी उभे राहायचे आणि कानात सांगायचे. लाल, पोरा. हिरवा, पोरा. दुसऱ्या कुणाला पत्ता नाही."

"आणि आता?"

आता चाचा नव्हते. सरकारचा नवा नियम आला होता. बोट हाकणाऱ्या प्रत्येकाने, मग त्याची दाढी कितीही पिकलेली असो, साहेबापुढे दिव्यांची परीक्षा द्यायची. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते नापास झाले, साहेबाने दाखला काढून घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाचा धक्क्यावर वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला म्हणून उतरले ते वर आलेच नाहीत. चपला पायरीवर होत्या. कर्णफुलीने प्रेतही परत दिलं नाही.

"चाचांच्या जागी सारंग म्हणून माझं नाव लागलंय," बदिउल म्हणाला. "परीक्षा पुढच्या आठवड्यात. नापास झालो तर सारंग सोड, चक्रालाही हात लावू देणार नाहीत. घाटावर पोती उचलायची मग."

सफुराने तिची कांथा, म्हणजे नक्षीची गोधडी, शिवायची दोऱ्यांची टोपली पुढे ओढली. आठवडाभर तिने त्याला रंग घोकवले. त्याने दोरे हुंगून पाहिले, गालाला लावून पाहिले. उपयोग शून्य. परीक्षेच्या सकाळी ती मनात म्हणाली, नापास होऊ दे बाई. पोती तर पोती. पोत्याखाली माणूस बुडत नाही.

बदिउल पास होऊन आला.

सासूबाईंनी गल्लीत बत्तासे वाटले. सफुराने सगळे पांगेपर्यंत दम धरला.

"कसं जमलं?"

"चाचा आले होते," तो म्हणाला. बाजारात कुणी ओळखीचं भेटलं म्हणून सांगावं, इतक्या सहज. "अंधारी खोली असते. समोर मोहरीएवढा दिवा. कारकुनाने दार लावलं आणि मला दरदरून घाम फुटला. मग चिखलाचा वास आला... ओहोटीला येतो ना, तसा. आणि डाव्या कानाशी गार श्वास लागला. लाल, पोरा... आता हिरवा... ते सांगत गेले, मी बोलत गेलो."

"साहेबाला ऐकू नाही आलं?"

"साहेबाने खिडकी लावायला सांगितली. म्हणाला, इथे एकदम गारठा कुठून आला."

तिने त्याचा सदरा धुवायला घेतला. सगळा कोरडा होता. फक्त डावा खांदा ओला, आणि त्याला गाळ लागलेला. ओला हात ठेवून कुणी बराच वेळ उभं राहावं, तसा.

त्या दिवशी ती पहिल्यांदा सासूसमोर तोंड उघडून बोलली. "अम्मा, यांना बोटीवर पाठवू नका."

सासूबाई पान लावता लावता थांबल्या. "ऐकलं का रे बदि? इतके दिवस वाटत होतं, मुकी सून पदरात पडली. आता बोलली, आणि बोलली काय, तर घरी बस!"

बदिउल तिला नंतर म्हणाला, "वेडी आहेस. ज्यांनी मला चक्र धरायला शिकवलं, ते माझं वाईट करतील?"

तिने गाळाचा तो डाग पुन्हा घासायला घेतला.

सारंग म्हणून त्याची पहिलीच फेरी संद्वीपची होती. रीतच होती, तेव्हा माहेरपणाला सफुराही निघाली. चक्राच्या खोलीला लागूनच सारंगाची खोली होती. मध्ये एक खिडकी, खिडकीला पडदा. सफुरा पडद्याआड बसली. खाली माणसं दाटीवाटीने बसली होती; कुणाची बदकं ओरडत होती, कुणी ओल्या बिस्किटावरून बायकोशी भांडत होतं. एवढी सगळी माणसं एका माणसाच्या डोळ्यांवर निघाली होती, आणि ते डोळे कसे आहेत ते एकट्या तिला माहीत होतं.

मावळतीला धुकं उतरलं. बदिउलने चक्र स्वतःच्या हातात घेतलं आणि सोबतच्या माणसाला खाली पाठवलं. खोलीत तो एकटाच राहिला.

एकटाच... पण त्याची मान हळूहळू डावीकडे कलली. बहिरट माणसं कलवतात, तशी. मग फटीतून तो वास आला. गाळ, कुजलेलं शेवाळ, फार दिवस पाण्यात राहिलेलं कापड.

समोर धुक्यात एक दिवा उमटला. मोठी बोट होती, जवळ होती. दिवा लाल होता. सफुराने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. लालच. डाळिंबाच्या दाण्यासारखा.

"हिरवा," बदिउल पुटपुटला. "बरं चाचा... हिरवा." आणि त्याने चक्र डावीकडे फिरवायला घेतलं.

सफुरा खिडकीशी उठून उभी राहिली. ओरडायला तिने तोंड उघडलं. घशातून काही फुटेना. गळ्याभोवती गार पाणी चढावं तसं झालं, जीभ टाळूला चिकटली. दिवा मोठा होत होता. समोरच्या बोटीचा भोंगा वाजला...

बदिउल दचकला. त्याने मान झटकली आणि चक्र गरगर उजवीकडे फिरवलं. काळीशार भिंत त्यांच्या डाव्या अंगाला घासल्यासारखी निघून गेली. खाली बदकं तेवढी ओरडत राहिली.

बऱ्याच वेळाने तो खिडकीशी आला. "वाचवलंस ग," तो म्हणाला. "चाचा हिरवा म्हणत होते. तू ओरडली नसतीस तर..."

"मी?"

"लाल, लाल, उजवीकडे घ्या! अगदी कानात ओरडलीस." त्याने कान चोळला. "चाचांना का असं करावंसं वाटलं असेल? एकटे पडले असतील बिचारे तिकडे. पण मी तुझं ऐकलं."

सफुराने जीभ हलवून पाहिली. ती आता कुठे सुटत होती. तिला आधी आनंद झाला. मग तिला आठवलं, की आपण काहीच बोललो नव्हतो. पण ते सांगायच्या आत तो चक्राकडे परतला होता.

ती माहेरी राहिली, तो फेऱ्या करत राहिला. आठ-दहा दिवसांनी न्यायला आला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"घरात तुझ्या तोंडून शब्द निघत नाही," तो अंगणात तिला चिडवत म्हणाला, "आणि पाण्यावर काय बोलतेस ग! सगळा आठवडा कानाशी. चाचा तर येतही नाहीत आता. दिवा दिसायच्या आधी तू रंग सांगतेस. एकदासुद्धा चुकली नाहीस."

सफुराने हातातली सुपली खाली ठेवली. "अजून काय बोलते मी?"

"अजून काय..." तो लाजला. "परवा म्हणालीस, इथे खाली फार थंडी आहे, लवकर या. मला वाटलं, आठवण काढतेस."

चाचांचं न ऐकता बायकोचं ऐकलं, म्हणून तो वाचला होता. बायकोवर कोण संशय घेतो? जे कुणी त्याच्या कानाशी उभं होतं, त्याला आता कळलं होतं, हा माणूस कुणाचं ऐकतो ते. ते सध्या खरं बोलत होतं. कधीपर्यंत, ते त्याचं त्याला माहीत.

दुसऱ्या दिवशी संद्वीपच्या घाटावर लग्नाचं वऱ्हाड बोटीवर चढत होतं. भाड्याची पालखी आधी चढवायची की नवरदेवाचा म्हातारा आजा, यावर वाद चालला होता. समुद्रावरून धुकं सरकत येत होतं. सफुराने फळीवर पाय ठेवला नाही. तिने सगळ्या लोकांदेखत नवऱ्याची बाही धरली.

"जाऊ नका," ती म्हणाली. मोठ्याने. तिच्या आयुष्यात ती एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. "तुमच्या कानात बोलतं ते मी नाही. ऐकलंत? हा माझा आवाज. हा एवढाच माझा. आज बोट सोडू नका."

वऱ्हाडातल्या बायका फिस्सकन हसल्या. बदिउल गोंधळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्याची मान हळूच डावीकडे कलली. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा निवळत गेला.

"काय चेष्टा करतेस," तो म्हणाला. "आत्ताच तर म्हणालीस, निघू या म्हणून."

बाही तिच्या हातातून सुटली. तो फळीवरून वर गेला. ती ओरडत राहिली, भोंग्याने तिचं ओरडणं गिळलं, आणि खलाशांनी फळी ओढून घेतली. चक्राच्या खोलीत शिरताना बदिउलने पडद्याच्या खिडकीकडे पाहून मान डोलावली. नीट बसलीस ना, असं कुणाला विचारावं, तशी.

बोट धुक्यात शिरली. आधी तिची चिमणी दिसेनाशी झाली, मग पाणी उडवणाऱ्या चाकांचा आवाज विरला. घाटावरचे लोक पांगले. सफुरा पायरीवर तशीच उभी होती. वारा पडला होता, आणि सपाट पाण्यावरून लांबचं बोलणं येतं तसं बोलणं येत होतं, हळू, मधूनमधून हसत, नवरा-बायकोचं. त्यातला एक आवाज बदिउलचा होता.

दुसरा तिने नीट कान देऊन ऐकला. तो तिचाच होता.