दुष्काळगंध

यकृतदर्शकाच्या काचेच्या कक्षातून गिरिजा पोवार बाहेर आली आणि पडद्याकडे न बघता तिने आधी डॉक्टर पाटण्यांच्या तोंडाकडे बघितलं. पाटणे मोठे शल्यविशारद. चाकू धरल्यावर त्यांचा हात कधी हलला नसेल, पण वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसायची त्यांची खोड आता तिला पाठ झाली होती. आत्ताही ते चष्मा पुसत होते.

“चरबी जिथल्या तिथे आहे,” ते म्हणाले. “दोन महिन्यांत तसूभरही हललेली नाही.”

गिरिजाने खुर्ची ओढली आणि ती मटकन बसली. तिचे सासरे दौलत पोवार, म्हणजे अख्ख्या कोल्हापूरचे दौलत वस्ताद, घरी खाटेवर पडून होते. एका जुन्या काविळीने त्यांचं यकृत आतून पोखरलं होतं. निरोगी माणसाच्या यकृताचा तुकडा काढून त्यांना लावायचा, मग यकृत दोन्ही शरीरांत वाढून पुरेसं होतं, असा उपाय होता. मुलाचा, म्हणजे संग्रामचा रक्तगट जुळेना. सासूबाईंचं वय झालेलं, नात शिवानी लहान. सगळं जुळलं ते सुनेचं. फक्त सुनेच्या यकृतात चरबी साठलेली होती, आणि ती उतरल्याशिवाय चाकू लावणार नाही असं पाटण्यांनी निक्षून सांगितलं होतं. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या हातात फार तर दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

तेव्हापासून गिरिजाने जिभेला कुलूप लावलं होतं. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, ताक. सकाळी रंकाळ्याभोवती झपझप चालायचं आणि घरी येऊन आबांच्या खाटेपुढे जोर-बैठका. वस्तादांचं अंग थकलं होतं, नजर थकली नव्हती. “कंबर वर ऱ्हायली. पुन्यांदा,” असं ते पडल्या पडल्या सांगायचे आणि ती निमूट पुन्हा मारायची.

“राग मानू नका,” पाटणे चाचरत म्हणाले, “पण स्वयंपाक करताना चव बघणं, पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवणं…”

गिरिजाला राग आलाच. दोन महिने तिने वाढदिवसाच्या केकचा चुरा तोंडात टाकला नव्हता. ती काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या डॉक्टर नसीम मुजावर पुढे झाल्या. प्रयोगशाळा त्यांची होती आणि गेल्या महिन्यात त्यांनीच पोवारांच्या स्वयंपाकघरात एक गंधमापक बसवला होता.

“त्या खोटं बोलत नाहीयेत,” त्या म्हणाल्या. “स्नायू, रक्तातली साखर, सगळं साक्ष देतंय. पण त्यांचं शरीर चरबी सोडत नाही, कारण त्याला वाटतंय की दुष्काळ पडलाय.”

“दुष्काळ? आहार मीच आखलाय. त्या पोटभर जेवतात.”

“त्या जेवतात. घरातलं दुसरं कुणीतरी जेवत नाही.”

पाटण्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मुजावर बाई सावकाश, शाळेत शिकवल्यासारखं बोलू लागल्या. “भूक लागलेली असताना माणूस खायचं टाळतो, तेव्हा त्याच्या घामातून एक गंध सुटतो. नाकाला तो कळत नाही, मेंदूला कळतो. आम्ही त्याला दुष्काळगंध म्हणतो. माणूस टोळीने राहायचा तेव्हाची ही सोय आहे. टोळीत एकाची उपासमार सुरू झाली की बाकीच्यांची शरीरं उमजायची, उद्या आपली पाळी आहे. लगेच काटकसर सुरू. मिळेल ते साठवायचं, साठवलेलं सोडायचं नाही. पोवारांच्या घरची हवा या गंधाने भरलीय.”

“मग यांना इथेच एक खोली देतो. घरापासून लांब राहतील.”

“ते दुसऱ्या घरांत करून पाहिलंय आम्ही. घरच्यांचा ओळखीचा गंध एकदम नाहीसा झाला, तर शरीर आणखी धास्तावतं. टोळीच हरवली असं धरून चालतं. उपाय एकच. घरातला प्रत्येक जण पोटभर जेवला पाहिजे.”

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपलं दोन महिने चाललं होतं, हे गिरिजाच्या ध्यानात आलं. पण तिच्या घरात उपाशी राहणारं होतं तरी कोण? पोवारांचं घर म्हणजे खाणाऱ्यांचं घर. तिथे पाहुण्याला नको म्हणायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना आबांच्या खाटेभोवती बसवलं, मुजावर बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, “कोण उपाशी राहतंय?”

संग्राम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला, तेव्हा ती म्हणाली, “अहो, कॅलेंडर कशाला बघताय? तुम्ही सांगा.”

“रात्रीचं सोडलंय मी,” तो खाली बघत म्हणाला. “तू भाकरीचा चतकोर खाणार आणि मी तुझ्यापुढं बसून मटण वरपू? बाहेरनं खाऊन आलोय म्हणून सांगायचो.”

मग शिवानीने शाळेचा डबा मैत्रिणींना वाटून टाकत असल्याचं कबूल केलं. शेवटी उरल्या सासूबाई. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

“आत्ती?”

“अंबाबाईला बोललीया मी,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं समदं नीट होईस्तवर भात खायची न्हाई. अन् एकच वेळ जेवणार. भुकेनं झोप लागंना, पर बोललीया तर बोललीया.”

एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात, तशातली गत. जिच्यावर माया करायची तिच्या वाटेत तिघांनीही आपापला धोंडा आणून ठेवला होता, आणि तोही उपाशीपोटी. गिरिजाला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. ती दोन्ही करून मोकळी झाली.

नवरा आणि मुलगी लगेच वठणीवर आली. नवसाचं जड गेलं. देवीला दिलेला शब्द फिरवला आणि घरधन्याचं काही बरंवाईट झालं तर, या धास्तीने आत्तींनी दोन दिवस घास घेतला नाही. अखेर त्यांनीच वाट काढली. देवळात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “आईला सांगून आली. भाताच्या बदल्यात चपला सोडल्या. आता अनवाणी हिंडायची.” आणि भाताचा पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले.

आबा हे सगळं उशीला टेकून ऐकत होते. त्यांनी फक्त एकदा विचारलं, “म्हंजी ह्या घरात एक माणूस जरी उपाशी असला, तरी हिची चरबी उतरायची न्हाई?”

“नाही उतरायची, आबा.”

“बरं,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्यानंतर पोवारांच्या घरात जेवणं कशी रंगली म्हणता! संग्राम दोन्ही वेळा आडवा हात मारू लागला, शिवानीचा डबा चाटून-पुसून परत येऊ लागला. त्यांच्या मधोमध बसून गिरिजा आपली मटकी चावत राही आणि तिला त्याचं जराही वाईट वाटत नसे. आता उतरेल, असं ती दर जोराला मनात म्हणायची.

महिन्याने ती पुन्हा काचेच्या कक्षातून बाहेर आली. डॉक्टर पाटणे चष्मा पुसत होते.

“गंध कमी झालाय, पण गेलेला नाही,” मुजावर बाई गंधमापकाचा आलेख बघत म्हणाल्या. “आता तो एकाच शरीराचा आहे. पूर्वी चौघांचा मिसळलेला होता असं मी धरून चालले होते. बघितलं तर तो तिघांचा होता, आणि ते तिघं थांबले. हा चौथा नंतर सुरू झालाय.”

“कोडं कसलं त्यात?” पाटणे म्हणाले. “पेशंटच असणार. वस्ताद दोन घासांवर उठतात. या आजारात अन्नावरची वासना जातेच. त्याला कुणाचा इलाज नाही.”

“नाही, डॉक्टर. वासना गेली की भूक नाही, आणि भूक नसली की गंध नाही. तापाने फणफणलेली, अन्न समोर नको म्हणणारी कितीतरी माणसं मी तपासलीत. त्यांच्या घरांत हवा स्वच्छ असते. हा गंध सुटतो तो फक्त भूक लागलेली असून न खाणाऱ्याचा.”

नव्या औषधांनी भूक परतेल, असं पाटण्यांनीच महिन्यामागे सांगितलं होतं. ती परतलीच नाही असं सगळे समजून बसले होते. गिरिजाने पर्स उचलली. घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलेना: रोज परत जाणारं आबांचं ताट आणि त्यांचं ते म्हणणं, “जात न्हाई गं, पोरी.” त्यावर तिने रोज विश्वास ठेवला होता.

दुपारची वेळ होती. आत्ती शेजारी गेल्या होत्या. गिरिजाने मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी वाढली आणि ताट घेऊन ती खाटेच्या कडेला बसली.

“भूक लागलीय ना, आबा?”

“जात न्हाई…”

“जात नाही ते कळलं. भूक लागलीय का, ते विचारतेय.”

वस्ताद आयुष्यात कुस्ती हरले असतील, खोटं कधी बोलले नव्हते. आणि महिनाभर जे बोलले, तेही शब्दाशब्दाने खोटं नव्हतं. त्यांनी छताकडे बघितलं.

“लागती,” ते म्हणाले. “वरणाच्या फोडणीचा वास आला की पोटात आग पडती. पर वजन उतरवायला आम्ही लई उपास काढल्यात. हे काय अवघड न्हाई.”

“का पण?”

“माजं समदं बघून झालं, गिरिजा. तुला कापून, तुज्या अंगातला तुकडा काढून मी जगू? उद्या तुला काय झालं तर त्या पोरीला काय तोंड दावू? नको म्हटलं असतं तर तुम्ही कुणी ऐकलं नसतं. तू त्या दिवशी सांगितलंस अन् मला वाट घावली. तुजी चरबी उतरली न्हाई, की डाक्टर हात लावायचा न्हाई.”

हा माणूस रोज सकाळी तिच्याकडून जोर काढून घेत होता, आणि दिवसभर उपाशी राहून ते वाया घालवत होता. दोन्ही मायेपोटीच. तिला त्यांचा भयंकर राग आला.

“तुम्ही नीट ऐकलं नाहीत, आबा,” ती म्हणाली. “चरबी माझ्यात साठतेय ती तुमच्यामुळे. ती तशीच साठत गेली, की माझंही यकृत एक दिवस तुमच्यासारखंच होणार. मला वाचवताय असं वाटतंय तुम्हाला? आणि मी एकटीच नाही. संग्राम, आत्ती, शिवानी, सगळे याच घरात श्वास घेतात. तुमची पोरगी म्हणून सांगते, या घरात एकट्याला उपाशी राहता येत नाही.”

आबांनी कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. गिरिजाने त्यांच्या पाठीला उशी लावली आणि ताट मांडीवर ठेवलं. हे ताट संपवणं म्हणजे शस्त्रक्रियेला हो म्हणणं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आबांनी भात कालवला. पहिला घास तोंडात घातला आणि तो चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. ताट रिकामं होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही आणि गिरिजाही जागची हलली नाही.

“भात हाय का अजून?” त्यांनी विचारलं.

“आहे,” म्हणत ती वाढायला उठली.