निवड झाली, जागा बाकी

अर्ज पोचला

पालमच्या पोस्टातल्या काळ्या फोनवर व्यंकटराव पोस्टमास्तरांनी विणलेला रुमाल घातला होता. मुंबईचा कॉल लागेपर्यंत तो काढायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की महानंदा तिथल्या बाकड्यावर येऊन बसायची. कधी तासाभरात कॉल लागायचा, कधी सगळी दुपार जायची.

"मास्तरीणबाई, पेरू खायला येवढ्या लांब जायलात व्हय? आमच्या सोनपेठच्या बाजारात ढिगानं पडलेत की," व्यंकटराव म्हणाले.

"मामा, मागल्या शनिवारीबी हाच पेरू खाल्ला तुमी."

महानंदा गावच्या हायस्कुलात इंग्रजी आणि विज्ञान शिकवायची. पेरू देशातल्या डोंगरी शाळांना इंग्रजी शिकवणारी माणसं हवी होती आणि मुंबईची एक संस्था अर्ज घेत होती. वर्गातल्या जगाच्या नकाशावर छडी फिरवता फिरवता एक दिवस तिच्या ध्यानात आलं होतं, की छडी टेकवावी अशा एकाही जागी आपण स्वतः गेलेलो नाही. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. स्थळं येत होती, ती परत जात होती. तिला जायचं होतं, बस्स.

कॉल लागला. पलीकडे एका बाईचा आवाज, स्वच्छ, पुस्तकी मराठी.

"अर्ज पोचला आहे आपला. ओळखीची खूण, डाव्या पायाची करंगळी अर्धी. बरोबर?"

"बरोबर."

लहानपणी वडिलांच्या, आप्पांच्या, दुकानातलं लोखंडी वजन पायावर पडलं होतं. अर्जात खूण लिहायची होती म्हणून तिनं लिहिली होती.


छाननीत

अर्जाची अवस्था दर वेळी मोजक्या शब्दांत कळायची. कोणत्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा, याचं एक पत्रक संस्थेनं दिलं होतं. महानंदानं ते आईला, म्हणजे चन्नबसम्माला, चुलीपुढं बसून समजावलं. आईला ती आव्वा म्हणायची.

"पोचला म्हंजी नुसता पोचला, आव्वा. छाननीत म्हंजी कागद बघायलेत."

"पत्रिका बघायलेत."

"तसंच. मग निवड. मग जागा दिली, म्हंजी कोणत्या गावात, कोणत्या शाळंत, ते ठरलं. आन् शेवटी रुजू."

"कळलं की. निवड म्हंजी पसंती. जागा म्हंजी सुपारी फुटली. रुजू म्हंजी नांदायला गेली." आव्वानं भाकरी उलटली. "मला येडी समजू नकोस."

गल्ल्यावरून आप्पा, म्हणजे सांबप्पा, ओरडले, "आन् मानपान कोण करणार? पेरूवाले?"

तिघंही हसले.


निवड झाली, जागा बाकी

हे शब्द मार्चात आले. पत्रकात याच अवस्थेखाली जाड अक्षरात लिहिलं होतं: या टप्प्यावर काहीही तयारी करू नये. नोकरी सोडू नये, तिकीट काढू नये, सामान बांधू नये. पुष्कळ अर्ज इथेच थांबतात.

महानंदानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आव्वानं मान हलवली. पण तिच्या हिशेबी पसंती आली होती आणि मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं की पश्चिमेच्या प्रवासाला येत्या सोमवारनंतर कितीतरी दिवस मुहूर्त नाही. मुहूर्त हुकू द्यायचा नसेल आणि माणूस तर अजून निघत नसेल, तर त्यावर इकडे एक रीत आहे. माणसाच्या अंगावरची वस्तू गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रस्थान ठेवलं, म्हणजे माणूस निघालं. मग दोन-तीन दिवसांत गाठोडं तिथूनच उचलायचं आणि पुढं चालू लागायचं. माघारी घरात मात्र आणायचं नाही.

सोमवारी आव्वानं मोरपंखी सुती साडी, तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि महानंदाचा कंगवा गाठोड्यात बांधला. पश्चिमेला तानुबाईचं घर होतं. तिथल्या मागच्या खोलीत, धान्याच्या कणगीवर, तिनं ते ठेवलं. कंगव्यात केस तसेच होते.

संध्याकाळी महानंदा कंगवा शोधायला लागली तेव्हा तिला हे कळलं.

"आव्वा! आजून कायबी ठरलं न्हाई गं."

"मुहूर्त तर गावला."

महानंदा विज्ञान शिकवणारी होती. तिला हसू आलं. "ऱ्हाऊ दे. गाठोडंच तर हाय," असं म्हणून तिनं आप्पांच्या कंगव्यानं केस विंचरले.

दोन-तीन दिवस गेले. महिना गेला. जागा बाकीच होती. गाठोडं कणगीवरच होतं.


जागा बाकी

मे महिना. दुकानाच्या पत्र्याला हात लावला तर फोड यावा असं ऊन. कुत्री नालीत बसलेली.

महानंदाचे ओठ उलले. ऊन असेल, म्हणून तिनं तूप लावलं. मग बोटांची पेरं फुटली, डिसेंबरात फुटतात तशी, बारीक लाल चिरा पडून. अंगणातून पाण्याची घागर घेऊन तीन पायऱ्या चढली की धाप लागायची. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटं उलटसुलट पाहिली.

"बाई, बर्फाच्या कारखान्यात काम करता का?"

"माझी सुट्टी चालू हाय, डॉक्टर."

शाळा बंद होती. आणि रोज सकाळी उठावं, तर नखांत खडू.

ती हात घासून धुवायची. पांढरं पाणी मोरीतून वाहून जायचं. दुपारी तिच्या पदराला एक वास यायला लागला, ओल्या लोकरीचा आणि कुठल्यातरी अनोळखी लाकडाच्या धुराचा. आव्वानं पदर नाकाला लावला आणि सोडून दिला.

एका दुपारी तानुबाई आली. लुगड्याचा बोळा तोंडाशी धरून उभी राहिली.

"चन्नबसम्मा, तुमचं ते परस्थान न्या की बाई कुठं तरी."

"कामून?"

"आत बोलणं व्हायलंय."

"कोण बोलायलंय?"

"बाईमाणूस. शिकवल्यावानी. येक डाव ती म्हणती, मग लय लेकरं म्हणत्यात. मी दार ढकललं की गप." तानुबाईनं महानंदाकडं पाहिलं. "आवाज तुझ्यावानीच हाय गं. भाषा कळंना."

"काय म्हणती?" महानंदानं विचारलं.

तानुबाईनं आठवून आठवून सांगितलं, "ऊनो. दोस. त्रेस."

महानंदाला ही पेरूतली स्पॅनिश भाषा येत नव्हती. एक, दोन, तीन हे आकडे तिनं पत्रकाच्या मागच्या पानावर एकदाच पाहिले होते, आणि पत्रक तिच्या पेटीत कुलपात होतं.

त्या दुपारी ती तानुबाईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. कडी काढायला हात पुढे केला. दाराच्या फटीतून पायावर वारा आला. गार. मे महिन्यात, दुपारी.

ती माघारी फिरली.


जागा दिली

"अभिनंदन. गाव मिळालं आपल्याला. खूप उंचावर आहे. विरळ हवेची सवय व्हायला जरा वेळ लागेल."

"पण माझा पासपोर्ट आजून आलेला नाही. व्हिसा..."

"ते झालं सगळं."

"कधी?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"आपणच येऊन सही केलीत की."

व्यंकटरावांनी पेढे मागितले. महानंदानं रिसीव्हर ठेवला. त्यावर तिच्या चार बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. व्यंकटरावांनी रुमालानं ते पुसले. "सुट्टीतबी खडू सुटंना व्हय, बाई?"


रुजू

"आपली अवस्था आता 'रुजू' अशी आहे."

"मी पालमात आहे. मी पालमातून बोलतेय."

"कोण बोलतंय?"

"महानंदा सांबप्पा."

"त्यांच्याशी माझं कालच बोलणं झालं. आवाज ओळखते मी त्यांचा. आपण कोण?"

"मीच ती. मला जायचं नाही आता. अर्ज रद्द करा."

"रुजू झालेल्याचा अर्ज रद्द होत नाही, बाई. त्यांनी स्वतः नोकरी सोडली, तरच."

महानंदा पोस्टातून निघाली ती थेट तानुबाईच्या घरी गेली. मागच्या खोलीची कडी काढली. आत धान्याचा वास होता, बाकी काही नाही. तिनं कणगीवरचं गाठोडं उचललं आणि छातीशी धरलं. ते बर्फागत गार होतं. साडीचा काठ ओला होता, त्याला लाल चिखल लागला होता. पालमची माती काळी.

"माघारी नेऊ नको गं!" तानुबाई मागून ओरडली. "हितनं म्होरं जा! घरी नेऊ नको!"

तिनं ऐकलं नाही. तिला तिची वस्तू तिच्या घरात हवी होती. तिनं गाठोडं उंबऱ्याच्या आत आणलं, सोडलं, साडी दोरीवर वाळत घातली, कंगव्यातले केस काढून चुलीत टाकले. हाताच्या चिरा संध्याकाळपर्यंत भरून आल्या. धाप थांबली. रात्री तिला गाढ झोप लागली.

आव्वा मात्र दोरीवरच्या साडीकडं बघत बसून होती.


पत्रकात नसलेली

विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून दुसऱ्या दिवशी बंद होता. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. एस.टी. डेपोतून निघालीच नव्हती. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चिटपाखरू नव्हतं.

दिवस कलता कलता व्यंकटराव आप्पांच्या घरी मागच्या दारानं आले.

"सांबप्पा, मुंबईचा कॉल आलता. पोस्ट बंद, पर मी आतच होतो म्हणून घेतला. निरोप हाय. पोरीनं नोकरी सोडली म्हणं. माघारी निघाली. आज पोचंल."

"कोण?" आप्पांनी विचारलं.

"कोण म्हंजी? महानंदा."

महानंदा तिथंच, पाट्यापाशी, लसूण सोलत बसली होती. व्यंकटरावांची नजर तिच्यावरून गेली, पुढं गेली, मग अडखळून माघारी आली. त्यांनी ओळख नसलेल्या बाईला करावा तसा नमस्कार केला.

"मामा," ती म्हणाली.

ते निघून गेले.

आव्वा उठली. तिनं तांब्या घासला, पाणी भरलं. भाकरीचा तुकडा मोडून त्यावर मीठ ठेवलं. लांबून माणूस घरी आलं की दारात हा तुकडा ओवाळून टाकायचा आणि पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं.

"आव्वा, काय करायलीस?"

आव्वानं तांब्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला.

"आव्वा, बंद हाय आज. गाडीच न्हाई. कोण येणार हाय?"

आव्वानं तिच्याकडं पाहिलं. जरा अवघडून, सोयऱ्याकडं पाहावं तसं हसली.

"बसा की तुमी. च्या ठेवते. आमची लेक यायलीय."

तुमी.

महानंदानं आव्वाचा हात धरला. आव्वानं तो हळूच, अपमान होणार नाही अशा बेतानं सोडवून घेतला.

"आप्पा!"

आप्पा टोपी घालत होते. दाराकडं तोंड करून.

बाहेर घंटी वाजली, कंडक्टर दोरी ओढतो तशी, दोनदा. स्टँडावर गाडी नव्हती.

गल्लीत चपला वाजल्या. ओल्या लोकरीचा वास आला. तानुबाईच्या घराचं दार आतून लागलं.

दोरीवर वाळत घातलेली साडी तिथं नव्हती.

चपला दारापाशी थांबल्या. आधी डावी निघाली, मग उजवी. महानंदाही तशीच काढायची.

दारात कोणी दिसत नव्हतं. आव्वानं तुकडा ओवाळला, लांब फेकला. "दमलीस का गं," म्हणाली. तांब्या कलता केला.

पाणी पायरीच्या दगडावर पसरलं. दगड ओला झाला. मधे दोन पावलांएवढी जागा कोरडी राहिली.

महानंदानं ओरडायला तोंड उघडलं. आवाज बाहेर, पायरीवर झाला. "आव्वा, मी आले गं."

मग उंबऱ्याच्या आत, शेणानं सारवलेल्या भुईवर, एक ओलं पाऊल उमटलं. डावं. करंगळी अर्धी.