लुमाराच्या पुठ्ठ्याचं कोडं

दोन देश आहेत. एका देशाची कागद आणि पुठ्ठ्याची आयात (परदेशातून मागवलेला माल) कित्येक वर्षं वाढतेच आहे. दुसऱ्याची तेवढ्याच काळात घटत गेली आहे. मग यातला उधळ्या देश कोणता?

नागपूरच्या शाल्मली देवतळेला हा प्रश्न अगदी सोपा वाटला होता. २०७१ साली तिच्या शहरात जगभरातल्या मुलांची सभा भरली होती. जंगलं वाचवायला कोणत्या देशाने कागद कमी वापरायचा, हे मुलांनी ठरवायचं होतं आणि मोठी माणसं ते मानणार होती. शाळेच्या भिंगरी नावाच्या यंत्रमानवाकडून शाल्मलीने कागदाच्या आयातीचा आलेख काढून घेतला. लुमारा देशाची रेघ वर चढत होती, केस्तियाची खाली उतरत होती. लुमाराची आयात निम्मी करावी, अशी सूचना तिने मांडली. बऱ्याच मुलांना ती पटली. मतदान जेवणानंतर होतं.

जेवताना लुमाराचा तावी तिच्या शेजारी येऊन बसला. तो चिडलेला नव्हता, पण त्याने ताटाला हातही लावला नव्हता. आपल्या बेटावर घरोघरी पेरूच्या बागा आहेत, असं त्याने सांगितलं. पेरू परदेशी पाठवायला पुठ्ठ्याची खोकी लागतात आणि पुठ्ठ्याचा कारखाना तर देशात एकही नाही. खोकी मिळाली नाहीत, तर त्याच्या आईचे पेरू झाडाखालीच सडणार होते.

"म्हणजे तो सगळा पुठ्ठा तुम्ही वापरतच नाही?" शाल्मलीने विचारलं.

"थोडा वापरतो. बाकीचा पेरूंबरोबर देशाबाहेर जातो."

शाल्मलीने हातातला घास ताटात ठेवला. ती उठून भिंगरीकडे गेली आणि हे आधी का सांगितलं नाहीस, असं तिला विचारलं.

"तू आयात विचारलीस, मी आयात दाखवली," भिंगरी म्हणाली. "आयात म्हणजे फक्त दारातून आत आलेला माल. वापर हवा असेल, तर घरात बनलेला माल त्यात मिळवायचा आणि बाहेर गेलेला वजा करायचा."

मग भिंगरीने तसंच केलं. आयातीत देशातलं उत्पादन मिळवलं. त्यातून निर्यात (परदेशी पाठवलेला माल) वजा केली, फळांबरोबर गेलेली खोकीसुद्धा. उरलेल्या आकड्याला लोकसंख्येने भागल्यावर दरडोई वापर (एका माणसामागे सरासरी वापर) मिळाला.

आता लुमाराची रेघ तळाशी जवळजवळ आडवी पडली होती, आणि केस्तियाची वर चढत होती. केस्तियात नवे कारखाने निघाले होते. आपल्याच जंगलातली झाडं तोडून ते कागद बनवत होते, म्हणून परदेशी कागद लागत नव्हता.

मतदानाआधी शाल्मली सगळ्यांसमोर उभी राहिली. तिचे कान तापले होते. आपण नुसती आयात पाहून निकाल दिला, हे तिने सांगितलं, सूचना मागे घेतली आणि नवा आलेख दाखवला. तावीच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

केस्तियाची मिरुना उठून भिंगरीजवळ गेली. तिने विचारलं, "आमचे कारखाने झाडांऐवजी रद्दीपासून कागद बनवायला लागले, तर जंगलाचं काय होईल?"

"ते सांगायला माझ्याकडे तुमच्या देशाचे आकडे नाहीत. तसं तिथे अजून कुणी केलेलंच नाही."

"मग आम्ही करू," मिरुना म्हणाली, "आणि आकडे तुला पाठवू."