राखीव दाराचा व्यायाम

मंगळावरच्या ‘अरुणा’ वसाहतीत हरितगृहाच्या दाराला कोणता सरळचालक बसवायचा, यावर तीन दिवस काथ्याकूट चालला होता. सरळचालक म्हणजे दांडा सरळ रेषेत ढकलणारं किंवा ओढणारं यंत्र. इथे त्यानं दोन टनांचं दार वरून खाली आणून मिटवायचं होतं. छताची काच तडकली आणि दार मिटलं नाही, तर चार मिनिटांत अख्ख्या वसाहतीची हवा निघून जाणार. त्यामुळे घाई करायला कोणी तयार नव्हतं.

डॉ. हेमांगी पाटणकरनं प्रयोगशाळेत वाढवलेला आपला स्नायूचालक टेबलावर ठेवला. आठ वर्षं तिनं तो पोटच्या पोरासारखा जपला होता.

“जोर पुरेसा, पल्ला पुरेसा, वेगही हवा तेवढा,” यंत्रप्रमुख विश्राम घैसास म्हणाले. “आता खोड काय आहे, ते सांग.”

खोटं बोलणं तिला जमत नसे. “जिवंत पेशींचा आहे, सर. काम केलं की तंतू किंचित तुटतात, विश्रांतीत जुळून येतात आणि आणखी बळकट होतात. पण नुसता बसून राहिला, तर महिन्याभरात वाळतो.”

“आणि हे दार पाच वर्षांत एकदा लागणार, तेही लागलं तर! अगं, हा स्क्रूसारखा फिरून दांडा ढकलणारा मळसूत्री चालक बघ. वीस वर्षं ढुंकून बघायला नको.”

“मी याला रोज दोनदा व्यायाम देईन.”

घैसासांनी कपाळाला हात लावला. अखेर मधला मार्ग निघाला. मुख्य दार मळसूत्री, आणि त्याच्या बाहेर, वसाहतीच्या बाजूला दहा पावलांवर एक राखीव दार, ते स्नायूचं. हेमांगीचं तोंड एवढंसं झालं.

पुढची तीन वर्षं त्या राखीव दारानं लोकांना वात आणला. रोज दहाला आणि चारला घंटा व्हायची, मिनिटभरात दार उतरायचं, अर्ध्या तासानं वर जायचं. आत अडकायला नको म्हणून हरितगृहातली अकरा माणसं घंटेसरशी हातातलं टाकून बाहेर येत आणि चहा घेत.

“डाक्टरीणबाई, तुमच्या ह्या पैलवानापायी माझी मेथी खुडायची राहती की ओ!” भाजीचे वाफे बघणारी तानूआक्का करवादायची.

एका दुपारी बारा वाजता छताची काच तडकली.

नियंत्रणकक्षात घैसास आणि हेमांगी यांच्यासमोर लाल दिवा लागला. मळसूत्री दार जागचं हललंच नाही. चालक नव्याइतकाच सशक्त होता; पण तीन वर्षं न हललेल्या दाराच्या खाचांत नाचणीच्या पिठासारखी बारीक धूळ घट्ट बसली होती. राखीव दाराच्या खाचा मात्र रोज दोनदा घासून लख्ख झालेल्या. ते नेहमीसारखं उतरलं आणि मिटलं.

“आत अकरा माणसं आहेत,” घैसास ओरडले.

हेमांगी धावत सुटली. आपल्याच दारानं त्यांना आत कोंडलं, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

दाराबाहेर बाकांवर सगळे चहा पीत बसले होते. तिनं दोनदा मोजले. अकरा. धावपळ नाही, ढकलाढकली नाही. घंटा झाली आणि रोजच्यासारखे सगळे उठून बाहेर आले होते. तिचे डोळे भरून आले.

“आज बारालाबी का ओ, डाक्टरीणबाई?” तानूआक्कानं कपावरून नजर वर केली. “कानात दडं बसलं, तरी काय म्हटलं न्हाई. पर रविवारची तरी सुट्टी द्या की त्याला!”