लाल शाईतली ताई

“आई, ओळखलंस का मला?”

प्रवासाची बॅग अजून खांद्यालाच होती, आणि धाकटा आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसून तिच्याकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होता... त्याच्या पाठीमागे, दारात, ताई उभी होती आणि आवाज न करता ओठ हलवत होती. बाळ... बाळ आलाय... बाळ! आईची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली, ताईच्या ओठांवर जराशी रेंगाळली, आणि मग ती हसून म्हणाली, “बाळ.”

“बघा!” धाकटा ताडकन उठला आणि कोपऱ्यात बसलेल्या परक्या बाईंकडे वळला. “दोन वर्षांनी समोर आलोय, तरी एका क्षणात ओळखलं! आणि फोनवर म्हणे आईला आता घरी ठेवता येणार नाही! ताई, आडवळणाने कशाला बोलतेस? सरळ सांग ना, तुला आई नकोशी झालीय!”

नकोशी! अकरा वर्षं जिने स्वतःच्या जिवाकडे वळून बघितलं नाही, तिला हा शब्द, तोही त्याच्या तोंडून! ताईच्या काळजात चर्र झालं. तिने नुसता आईच्या गुडघ्यांवरून घसरलेला रुमाल उचलला आणि घडी करून परत ठेवला. हे असंच असतं बघा, ज्यांनी बोलायला हवं ती माणसं घड्या घालत बसतात!

खरं तर चूक ताईचीच होती. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याला दूरच्या शहरात नोकरी लागली, तेव्हा आईचा विसराळूपणा नुकताच सुरू झाला होता. दाराशी उभा राहून त्याने विचारलं होतं, “ताई, जाऊ ना मी?” आणि ताई म्हणाली होती, “जा रे! आई ठणठणीत आहे.” झालं! त्या एका वाक्याला खरं ठेवण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन यायचा, पडद्यावर चेहरा दिसायचा. त्याआधी दोन तास ताई आईला न्हाऊमाखू घालून, केस विंचरून, उशांच्या आधाराने ताठ बसवायची. मग फोनच्या मागे उभी राहून एकेक उत्तर ओठांनी सुचवायची. जेवलीस का? जेवले. फिरायला गेलीस का? गेले. पंधरा मिनिटं आई बरी असायची, आणि धाकटा समाधानाने फोन ठेवायचा.

ताईचं कामही असं की ही सवय रक्तातच मुरलेली. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. लाल पेन घेऊन इतरांच्या चुका अशा काढायच्या की पुस्तक वाचणाऱ्याला त्या कधी होत्या हेसुद्धा कळू नये. मुख्य तपासनीसाची जागा चालून आली तेव्हा आईसाठी तिने ती नाकारली आणि गठ्ठे घरी आणून काम करू लागली. आई हे तिचं सगळ्यात लांबलेलं मुद्रित होतं... रोज नव्या चुका, आणि रोज त्या पुसून टाकायच्या.

कोपऱ्यातल्या बाई होत्या मार्गदर्शकबाई. थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी योग्य जागा, योग्य माणसं शोधून देणं हा त्यांचा व्यवसाय. ताईच्या डॉक्टरांनीच त्यांचा पत्ता दिला होता. पहिल्या भेटीत त्यांनी प्रश्न विचारले, आणि ताईने सवयीने उत्तरं दिली. आई जेवते? जेवते. चालते? चालते. ओळखते? हो, ओळखते. बाईंनी लिहून घेतलं, आणि जाताना नुसतं एवढंच म्हणाल्या, “एवढं सगळं जमतं, तर मग मला का बोलावलंत?”

“आता आईला जागा दाखवायलासुद्धा दलाल लागतात वाटतं!” धाकटा त्यांच्यावरही घसरला.

“दलाल जागा दाखवतो,” मार्गदर्शकबाई शांतपणे म्हणाल्या. “मी आधी माणूस बघते. घरात अख्खा दिवस बसल्याशिवाय मी कुणालाच जागा सुचवत नाही. आज आईंसाठी आलेय. संध्याकाळी सहाला कागद देईन तुम्हाला. तोवर तुम्हाला जितकं रागवायचं तितकं रागवून घ्या, माझी हरकत नाही.”

“बसा! खुशाल बसा!” म्हणत धाकटा पाय आपटत बाहेर निघून गेला. तसा लहानपणापासूनच नाकावर राग त्याच्या, आणि लहानपणापासून संध्याकाळपर्यंत उतरायचाही.

मार्गदर्शकबाईंनी पिशवीतून दोन पेनं काढली, एक निळं, एक लाल, आणि मांडीवर कागद घेऊन बसल्या. ताईने आधी थोडा वेळ त्यांच्या देखत अवघडून काम केलं. पण आईचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, औषध कुटून द्यायचं... या धबडग्यात पाहुण्यांचं भान किती वेळ राहणार? तासाभरात ती त्यांना विसरूनच गेली.

दुपारी घास भरवताना आईने ताईचा हात धरला. “बाई,” ती काकुळतीने म्हणाली, “माझी मुलगी कधी येणार हो?”

“येईल हं,” ताई म्हणाली. “रविवारी नक्की येईल. आ करा बघू.”

कोपऱ्यातलं पेन थांबलं. आई झोपल्यावर मार्गदर्शकबाईंनी हळूच विचारलं, “कधीपासून?”

“दोन वर्षं होतील...” ताई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती, श्वास लागला होता. “मला कामाला ठेवलेली बाई समजते ती. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा न्हाणीघरात जाऊन रडले. मग ठरवलं, बाई तर बाई! निदान बाईचं ऐकते तरी, मुलीशी भांडायची!” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“आणि हा श्वास? तीन वेळा बघितलं मी. आईंना उभं केलंत की तुम्ही दाराची चौकट धरता.”

मग मात्र ताईचा बांध फुटला, आणि जे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं.

बरोबर सहाला धाकटा परत आला. राग ओसरला होता, पण चेहरा अजून फुगलेलाच. मार्गदर्शकबाईंनी चार कागद टेबलावर ठेवले, आणि ताई त्यांवर वाकली. लाल! वरपासून खालपर्यंत लालच लाल, मध्येच कुठेतरी एखादी निळी ओळ. अकरा वर्षं केलेल्या कामात इतक्या चुका! “माझं... माझं इतकं चुकतं का हो?” तिने कसंबसं विचारलं.

“चुका नाहीत हो त्या,” मार्गदर्शकबाई म्हणाल्या. “निळ्यात आई स्वतः जे करतात ते. लाल म्हणजे तुमचे हात.”

धाकट्याने पहिला कागद उचलला. पहिलीच ओळ लाल होती. *सकाळी नऊ. मुलगा समोर बसला. आईंनी ओळखलं नाही. मुलीने मागून ओठांनी नाव सुचवलं.*

त्याने मान वर केली, ताईकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. *उभं करण्याआधी मुलगी आपले तळहात जमिनीवर ठेवते आणि आईंचे पाय आधी त्यांवर टेकवते, फरशी गार लागते म्हणून. अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या हातावर ओतून दाखवते, नाहीतर आई घाबरतात. घास देण्याआधी हनुवटीला दोन बोटं लावते, तेव्हाच तोंड उघडतं.* ... *आईंनी तिला बाई म्हणून हाक मारली. मुलीने ओ दिली.* ... *आईंना उभं केलं. मुलगी चौकट धरून दोन मिनिटं उभी. ओठ निळसर. असं आज चार वेळा.*

“ओठ निळसर?” त्याचा आवाज चिरकला. “ताई, हे काय आहे?”

“काही नाही रे. दमते जराशी...”

“ताई,” मार्गदर्शकबाई म्हणाल्या, “आता पुरे झालं हं लपवणं.”

ताईने खाली बघतच सांगितलं. हृदयाची झडप निकामी होत आलीय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, त्याहून थांबता येणार नाही. आणि त्यानंतर पुढे... पुढे वजन उचलायचं नाही. “म्हणजे आईला उचलायचं नाही रे बाळा! मला काही झालं असतं तरी चाललं असतं, पण तिला उभं करताना मी पडले तर ती पडेल ना! एवढंच... म्हणून शोधत होते जागा. नकोशी नाही रे झाली, नकोशी नाही!”

“मला का नाही कळवलंस? एका शब्दाने तरी!”

“कळवलं असतं तर तू सगळं सोडून परत आला असतास.”

“यायलाच हवं होतं मी!” धाकटा ओरडला, आणि मग तो चाळिशीचा माणूस ताईच्या मांडीत तोंड खुपसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “दर रविवारी मी आईशी बोलत होतो असं वाटत होतं मला... मी तुझ्याशीच बोलत होतो ताई! तूच उत्तरं देत होतीस! आणि तू कशी आहेस हे एकदाही विचारलं नाही गं मी...”

ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला.

दुसऱ्याच दिवशी धाकट्याने लांब रजा टाकली, आणि शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून तिघं मिळून जागा बघायला निघाली. मार्गदर्शकबाई कुठेही आधी कळवून जात नसत, आणि जात त्या जेवणाच्याच वेळी. पहिल्या ठिकाणी चकचकीत फरशा, कारंजं, भलंमोठं दालन! धाकटा तर हरखूनच गेला. पण मार्गदर्शकबाईंनी दारातूनच मान हलवली. “घास भरवणारी माणसं बघा.” ती सगळी उभी होती. एका हाताने भरवत होती आणि डोळे घड्याळाकडे होते. तिसऱ्या ठिकाणी जुनं बसकं घर होतं, चौदाच खोल्या, भिंतींचा रंग उडालेला, पण तिथे प्रत्येक सेविका स्टूल ओढून, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर डोळे आणून बसली होती. तिथल्या मुख्य बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “आई कशाला घाबरतात?” ताईने मुकाट्याने ते चार कागद त्यांच्या हातात ठेवले.

आईला तिथे नेलं तो दिवस ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातला. नवी सेविका स्टूलवर बसली, समोर ताट घेतलं. आईने ओठ घट्ट मिटून घेतले. ताईचा हात आपोआप पुढे झाला... पण धाकट्याने तो अलगद धरून ठेवला. सेविकेने भिंतीवर लावलेल्या त्या कागदांतल्या लाल अक्षरांकडे एकदा बघितलं, आईच्या हनुवटीला दोन बोटं लावली, आणि आईने तोंड उघडलं! ताईला वाटलं, सुटले... आणि त्याच क्षणी असंही वाटलं की आपलं सगळं संपलं. माणसाचं मन किती वेडं असतं, ज्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा ते मिळालं की तेच खुपायला लागतं!

निघायची वेळ झाली. ताई आईजवळ वाकली. “येते हं,” ती म्हणाली, आणि आईच्या मांडीवरच्या रुमालाची घडी सारखी केली.

तिच्या मागे, दारात, धाकटा उभा होता. त्याचे डोळे वाहत होते, आणि तो आवाज न करता, जिवाच्या आकांताने ओठ हलवत होता. ताई... ही ताई आहे... आई, ही ताई! पण आईने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती ताईकडे बघत होती. सुरकुतलेला हात वर करून तिने ताईचा गाल कुरवाळला, कितीतरी दिवसांनी, आपणहून.

“बाई, आता तुम्ही घरी जा,” ती म्हणाली. “किती वाळलात! सगळं माझंच करत बसता. तुम्हालाही आई असेल ना? तिचं कोण करतं?”

धाकट्याचे ओठ हलायचे थांबले. ताईने आईचा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग जपून मांडीवरच्या रुमालावर ठेवला.

“आहे हो,” ती म्हणाली. “तिचं करायला आता चांगली माणसं आहेत.”

“मग बरं झालं,” आई म्हणाली, आणि निर्धास्तपणे खिडकीकडे बघू लागली.