पाथरवटाशी वैर

दगड फोडणाऱ्याने जाताना केर गोळा केला होता, आणि वहिनींचं लक्ष नेमकं त्या केरातच अडकलं होतं.

संग्रहालयाच्या मागच्या दालनात ती दानशिळा भिंतीला टेकवून उभी होती. माथ्यावर डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. हे दोघे आहेत तोवर दिलेली जमीन दिलेलीच राहो, असा त्याचा अर्थ. त्याखाली जुन्या लिपीतल्या ओळी आणि तळाशी, जमीन बळकावणाऱ्याला दिलेला शाप, चित्रासकट. त्या चित्रात एक गाढव होतं आणि ते जे करत होतं ते पाहून भावोजींनी घाईघाईने मान वळवली.

शेवटच्या ओळीची सुरुवात, म्हणजे डाव्या कडेची वीतभर जागा, कुणीतरी खरवडून टाकली होती. घाव उथळ आणि पुष्कळ होते. बाकी एकाही अक्षराला धक्का नव्हता. दगडाच्या कपच्या पायाशी नीट रचून ठेवलेल्या होत्या आणि शिळेवरची धूळही पुसलेली होती.

"भावोजी, वैर काढायला आलेला माणूस असं झाडूनपुसून जातो का हो?"

"शिस्तीचा असेल," भावोजी म्हणाले.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची कचेरी होती. भावोजी त्यांचे सख्खे दीर, पेशाने दंतवैद्य. दवाखाना बंद केल्यापासून ते सावलीसारखे वहिनींबरोबर असत आणि त्यांच्या हाका ऐकून ऐकून पोलिसांपासून वकिलांपर्यंत सगळे बाईंना वहिनीच म्हणायला लागले होते.

"यात शोधण्यासारखं काही नाही," संग्रहालयाचे संचालक म्हणाले. ते सकाळपासून वैतागलेले होते. "काल सुट्टी होती. कुलूप किल्लीने उघडलंय. किल्ली जुने लेख वाचणाऱ्या आमच्या लिपीवालीकडे असते. संध्याकाळी समितीची बैठक आहे, तिला काढून टाकायचं ठरल्यातच जमा आहे. एक सदस्य त्रयस्थ चौकशीसाठी अडून बसले, म्हणून तुम्हाला त्रास दिला."

"काढून टाकल्यावर ती काय करणार?"

"शिलालेख फोडल्याचा ठपका घेऊन? दुसरं कुठलंही संग्रहालय तिला दगडाला हातसुद्धा लावू देणार नाही."

"फुटलेल्या जागी काय लिहिलं होतं?"

"पाथरवटाचं नाव. अमक्याने कोरलं, एवढंच. महत्त्वाचं आहे ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला, उजवीकडे. तिथे दान देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे. आम्हा सगळ्यांचे गुरू, आमचे सर, त्यांनी ते वाचलं, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकाच्या नावावर हे संग्रहालय उभं राहिलं."

"म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या पाथरवटाशी कुणीतरी वैर धरलंय," वहिनी म्हणाल्या. "आणखी किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"एक माझ्याकडे. एक जुनी सरांकडे. ती परत मागायची कुणाची छाती आहे? पण सरांना आता दिसत नाही. ते जिनासुद्धा उतरत नाहीत."

पहारेकऱ्याने जे सांगितलं ते लिपीवालीच्या विरुद्धच जाणारं होतं. "दुपारी आतून आवाज येत होता. हळू हळू, धप धप. मला वाटलं बाई ठसा घेतायत. त्यांचा ब्रश असाच वाजतो."

"आत जाऊन पाहिलं नाहीत?"

"रोजचा आवाज, बाई. रोजच्या आवाजाला कोण उठून बघतं?" तो ओशाळून म्हणाला.

लिपीवाली तिच्या टेबलाशी बसली होती. समोर ओला करायचा कागद, बादली आणि जाड केसांचा ब्रश तसाच पडून होता. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"आज सकाळी ठसा घेणार होते," ती म्हणाली. "ओला कागद दगडावर चिकटवायचा आणि ब्रशने ठोकायचा. तो अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. वाळला की सोलून काढायचा."

"पुस्तकात फोटो असताना पुन्हा ठसा कशाला?"

"तो फोटो अक्षरांत खडू भरून काढलाय. पूर्वी सगळेच तसं करायचे. पण खडू भरणारा जे वाचतो तेच भरतो ना? एखादी भेग अक्षराची रेघ वाटली, तर तिच्यातही भरतो. कागद फसत नाही."

"म्हणजे सरांचं वाचन चुकलंय असा तुमचा संशय होता."

लिपीवालीने ब्रश बाजूला सारला. "ते मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"नोकरी जायची वेळ आलीय, मुली!" भावोजींना राहवलं नाही. "शब्द कुणाला दिलाय?"

"तेही सांगायचं नाही असा शब्द दिलाय," ती म्हणाली. भावोजींनी कपाळाला हात लावला. वहिनींना मात्र ती पोर एकदम आवडून गेली.

राहता राहिले वीटभट्टीवाले. शिळा त्यांच्याच मातीत सापडली होती, आणि दान दिलेली जमीन नेमकी कुठली, या वादात त्यांची भट्टी अडकायची शक्यता होती. दोघं भट्टीवर पोचले तेव्हा ते ओल्या विटांच्या रांगांमधून फिरत होते.

"मी फोडला म्हणता?" ते भडकले. "अहो, मला त्रास देतात त्या मधल्या ओळी! ओढ्यापासून टेकडीपर्यंत हद्द लिहिलीय तिथे. मी इतक्या वेळा जाऊन त्या दगडासमोर उभा राहिलोय की कुठली ओळ कुठे आहे ते झोपेतही सांगेन. फोडायचाच असता तर पाथरवटाचं नाव कशाला फोडलं असतं? त्या बिचाऱ्याने माझं काय घोडं मारलंय?"

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या आणि परत फिरल्या.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार काकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी, बारीक चणीच्या, बोलायला मऊ. आत घेता घेताच त्या कुजबुजल्या, "त्यांना दगडाचं कळलेलं नाही. सांगू नका हं, सहन व्हायचं नाही त्यांना."

सर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला, बसल्या बसल्या पोचेल अशा बेताने, भिंतीवर एक मोठा जाड कागद लाकडी पट्टीला लावून टांगला होता. त्यावर अक्षरं उठून आली होती. सरांची बोटं त्या अक्षरांवरून सावकाश उजवीकडून डावीकडे सरकत होती.

"शिळेचा ठसा," सर म्हणाले. "मी तरुणपणी घेतलेला. तेव्हा नीट पाहिलाच नाही. फोटो होता ना हाताशी! आता डोळे गेले आणि हा वाचायला सवड झाली. रोज संध्याकाळी मी आणि ही इथे बसतो."

"इकडे चंद्रकोर छान उठलीय," भावोजी जवळची डावी कड निरखत म्हणाले. "आणि सूर्य तिकडे, पार त्या टोकाला."

"काकू, तुम्हाला येते का ही लिपी?" वहिनींनी विचारलं.

"छे! मला कुठलं? हे बोट ठेवतात आणि सांगतात, मी ऐकते." काकूंनी डाव्या हाताने चहाचा पेला पुढे केला. उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

"काय झालं हो?"

"खिडकी लागली."

"ती मुलगी आज ठसा घेणार होती," सर मध्येच उत्सुकतेने म्हणाले. "झाला का घेऊन? कसा आलाय?"

काकूंच्या हातातला पेला बशीवर वाजला. वहिनींनी तो अलगद त्यांच्या हातून घेतला आणि खाली ठेवला.

जिन्यात आल्यावर त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. "भावोजी, संचालकांना फोन करा. लिपीवालीला घेऊन इथेच या म्हणावं. समितीच्या बैठकीआधी."

"कोण ते कळलं की काय?"

"कळलं," वहिनी म्हणाल्या. "न कळतं तर बरं झालं असतं."

थोड्या वेळाने सगळे सरांच्या खोलीत जमले. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. काय घडणार ते त्यांना समजलं होतं.

"सर, वाईट बातमी आहे," वहिनींनी सुरुवात केली. "काल शिळेची शेवटची ओळ कुणीतरी फोडली. डावीकडची."

सरांचा हात कागदावर तसाच थांबला. "पाथरवट?" ते म्हणाले. "पाथरवटाचं नाव गेलं?"

"हो. आणि मला सकाळपासून तेच कोडं पडलं होतं. त्याच्या नावाने कुणाचंच काही अडत नव्हतं. ज्यावरून वाद व्हायचा ते नाव त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला, धडधाकट उभं आहे. मग वाटलं, फोडणाऱ्याला तेच फोडायचं असेल आणि बाजू चुकली असेल तर?"

"बाजू कशी चुकेल?" संचालक म्हणाले.

"तुमची चुकणार नाही, लिपीवालीची नाही. तुम्हाला वाचता येतं. भट्टीवाल्यांना वाचता येत नसेल, पण दगड त्यांना तोंडपाठ आहे. ज्याने शिळा समोर उभं राहून पाहिलीय तो चुकणार नाही. चुकेल फक्त असा माणूस, ज्याची ओळख या कागदाशी आहे." वहिनी भावोजींकडे वळल्या. "शिळेवर चंद्र कुठे होता?"

"उजवीकडे."

"आणि इथे?"

भावोजी कागदाजवळ गेले आणि थबकले. "डावीकडे! अरेच्चा, म्हणजे हा उलटा आहे."

"दगडाला चिकटलेली बाजू आहे ती. अक्षरं उठून येतात, पण आरशातल्यासारखी. म्हणून सर उजवीकडून वाचतात. आयुष्यभर आरशात बघून लोकांचे दात कोरलेत भावोजी, आणि हे तुमच्या लक्षात येऊ नये?"

एरवी या टोमण्यावर भावोजी हसले असते. आज ते कागदापासून मागे सरले.

"सरांना कागद उलटा आहे हे पक्कं माहीत आहे," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्यांच्या शेजारी बसून जिने नुसतं ऐकलं, तिला दान देणाऱ्याचं नाव डावीकडेच ठाऊक होतं. किल्ली या घरात होती. हातोडीला फडकं गुंडाळलं असणार, म्हणून पहारेकऱ्याला ब्रशचा आवाज वाटला. सवय नसलेल्या हाताने केलेलं काम, तेव्हा अंगठाही ठेचला. आणि ज्या वस्तूवर नवऱ्याचा जीव, तिच्या कपच्या तशाच टाकून जाववेना, म्हणून गोळा करून ठेवल्या."

मग काकू पुढे आल्या.

"तुम्हीच माझं बोट धरून दाखवलंत," त्या सरांना म्हणाल्या. "इथे चुकलो मी, जन्मभर चुकीचं सांगत आलो, असं म्हणालात. मग जेवला नाहीत. आणि ही पोर येऊन सारखी त्या शेवटच्या ओळीबद्दल विचारायची. मला वाटलं, उद्या ही चारचौघांत तुमचं नाव धुळीला मिळवणार. तेवढी जागाच नसली तर कोण काय सिद्ध करणार, असं मनात आलं हो."

"अगं, मीच तिला बोलावलं होतं!" सर कळवळून म्हणाले. "ठसा घे, खात्री कर, तोवर कुणाला सांगू नकोस, मग मीच उभा राहून सांगतो, असं मी तिला म्हटलं होतं. जमीन अधिकाऱ्याने दिलीच नव्हती. तो नुसता साक्षीदार. दिली होती एका माळिणीने. त्या टोकाला नाव होतं तिचं, आणि एका भेगेत खडू भरून मी ते पुसलं. जगाला सांगायची तयारी करत बसलो आणि तुला सांगायचं राहिलं."

लिपीवालीने डोळ्यांना पदर लावला. काकू तिच्याकडे वळल्या. "पोरी, मी तुला पाण्यात पाहत होते. तू मात्र नोकरी जाईल तरी यांचं नाव घेतलं नाहीस." मग त्या संचालकांना म्हणाल्या, "समितीत माझं नाव सांगा. हिचं नाही."

संचालकांनी मान डोलावली. सकाळचा त्यांचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. "सांगतो, काकू. पण आणखी एक..." ते अडखळले. "माळिणीचं नाव दगडावर आहे. पाथरवटाचं आता दगडावर नाही, आणि फोटोतल्या खडूचा भरवसा नाही. फक्त या कागदावर आहे. हा... संग्रहालयात ठेवावा लागेल. काचेत."

सरांनी तळहात कागदावर टेकवला. आंधळ्या माणसाच्या वाचण्यातली ती शेवटची गोष्ट होती, आणि काचेतून बोटांना काही दिसत नाही. काकूंना ते उमगलं तेव्हा त्या खुर्चीशी खालीच बसल्या.

"मी वाचलेलं पहिलं नाव पाथरवटाचंच होतं," सर म्हणाले. "आणि तेवढं बरोबर वाचलं होतं. न्या कागद. न्यायलाच हवा. फक्त थोडं थांबा."

त्यांनी चाचपडत काकूंचा हात धरला, पट्टीचा अंगठा बाजूला केला आणि त्यांचं बोट कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं.

"हे पहिलं अक्षर. इथून डावीकडे यायचं. आज नुसतं ऐकायचं नाही, तू वाच."

काकू रडत होत्या, पण बोट त्यांनी काढलं नाही. सर एकेक अक्षर सांगत गेले, त्या मागोमाग म्हणत गेल्या, आणि शेवटी अडखळत त्यांनी ते पूर्ण नाव मोठ्याने उच्चारलं.

"पुन्हा एकदा," सर म्हणाले.

कागद न्यायला उभे राहिलेले संचालक स्टूल ओढून परत बसले.