उजवं चाक गप्प होतं

मिस्त्रीला त्याच्याच गॅरेजात कोंडलं होतं. शटर खाली, बाहेरून कुलूप, किल्ली गाडीमालकाच्या खिशात.

"बायको मरता मरता वाचली माझी," कुलूप काढत मालक चष्मेवालीला म्हणाला. "ह्यानेच ब्रेकमध्ये घोळ घातलाय. तुम्ही फक्त सिद्ध करा, मी पोलीस बोलावतो."

चष्मेवाली म्हणजे खाजगी डिटेक्टिव्ह. तिचा नवरा तिची बॅग घेऊन मागे हिंडायचा. गोष्टी त्याला कळायच्या, पण उशिरा.

सगळे आत शिरताच मालकाने शटर परत खाली ओढलं आणि आतून कडी घातली. "पळाला तर?"

ग्रीसचा वास, एकच बल्ब, समोर डावा दिवा चेचलेली गाडी. पुढची दोन्ही चाकं काढलेली. मालकाची बायको प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्टुलावर टेकली. मिस्त्री टायरवर.

"काय झालं होतं, ताई?" चष्मेवालीने विचारलं.

"कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे ओढली गेली. सरळ भिंतीवर."

चष्मेवाली दोन्ही चाकांच्या जागी वाकून बघून आली. "डावीकडे ब्रेकचे नवे पॅड, उजवीकडे जुने. असं का?"

"आईची शपथ, मी दोन्ही चाकांना दोन-दोन, चारही नवे घातले," मिस्त्री म्हणाला. "साहेबांनी कडक मागितले, मी कडक दिले. कडक पॅड पकडतात झकास, पण किंचाळतात. जुने मऊ होते. पकड कमी, पण गप्प. काढलेले जुने मी गिऱ्हाइकाच्या डिकीतच ठेवतो, नाहीतर लोक म्हणतात बदललेच नाहीत."

मालकाने डिकीतला डबा आपटला. "आणि हे काय? दोन जुने, दोन नवे. अर्धंच काम केलंस, चोरा."

चष्मेवालीने डब्यातला नवा पॅड बल्बखाली धरला. चकतीवर घासून चकाकत होता. तिने तो नवऱ्याच्या हातात दिला.

"नवाच आहे की," नवरा म्हणाला.

"अहो, नवरीच्या पायाची मेंदी जरा उतरलीय, बघा तरी." मग मालकाकडे वळून, "गाडीच्या डाव्या दारावर एवढ्या रेघा कसल्या?"

"आमचं पार्किंग म्हणजे बोळ. डावी बाजू भिंतीला चिकटवूनच लावावी लागते. माणूस सोडा, मांजर जात नाही."

"नवे पॅड वाजायचे?"

"वाजायचे? आईला पलंगावर पडल्या पडल्या कळायचं, कोण गेलं, कोण आलं. मला दुकानात फोन करून सांगायची. आठवड्याभरात आवाज बराच बसला."

"घरी कोण कोण?"

"आई पलंगावर. मी दिवसभर दुकानात. आणि ही. हिला गाडीतलं काय कळतंय? बापाच्या टॅक्सीत वाढली म्हणून चालवते, एवढंच."

चष्मेवालीने चष्मा पुसला. "मिस्त्री सुटला."

"कसा?"

"डब्यातले नवे पॅड वापरलेले आहेत. म्हणजे आधी बसवले, मग कोणीतरी काढले. गॅरेजात गाडी चारही बाजूंनी मोकळी, इथे एकच बाजू कोण बदलेल? तुमच्या बोळात मात्र डावं चाक निघूच शकत नाही. आणि गाडी बाहेर काढावी तर ती किंचाळणार. म्हणून फक्त उजवं. आवाज अर्धा झाला, पण डावं घट्ट पकडणार, उजवं सैल. जोरात ब्रेक दाबला की गाडी डावीकडेच जाणार."

"पण करणार कोण?" नवऱ्याने विचारलं.

मालकाने घरातली माणसं बोटांवर मोजायला घेतली आणि मधेच थांबला.

"मी बदलले," बायको म्हणाली. "दुपारी, आईंचा डोळा लागल्यावर."

"का पण?"

"वाजायचे म्हणून."

"कुठे जायचीस तू?"

"पुलापर्यंत. काच खाली करायची, थोडं बसायचं, परत यायचं."

"एवढंच? मग चोरून कशाला?"

"विचारून गेले असते तर आईंनी जाऊच दिलं नसतं. नाहीतर तुमचा फोन." ती मिस्त्रीकडे वळली. "दादा, माझ्यामुळे तुम्हाला..."

"ताई, पुन्हा एकच बाजू बदलू नका," मिस्त्री म्हणाला. "एवढंच सांगतो."

चष्मेवालीने कडी काढली. शटर वर गेलं, उजेड आत आला. मिस्त्री बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला.

"चल घरी," मालक म्हणाला.

बायको उठली नाही.

"दादा, दोन्हीकडे नवेच बसवा," ती म्हणाली. "वाजले तर वाजू देत."